पवन इसरू मडावी

सन २०२५, मे महिन्याची चार तारीख, रविवार, दुपारचे चार. स्थळ जांभुळटोला, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. सकाळचा तेंदूपत्ता तोडून गावकरी परतल्यावर वारलू पाटलांच्या सांगण्यावरून गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोर, बैठक भरली. बैठकीपुढे प्रश्न एकच होता. इसरू मडावी याच्या घरी सव्वादोन वर्षांपासून राहणारा पवन हा इसरूचा मुलगा, की होणारा जावई? मुलगा असेल, तर इसरूच्या रीनाशी त्याचे लग्न लागू शकत नव्हते. होणारा जावई असेल, तर इसरूने मुद्रांकाच्या कागदावर खोटे लिहून दिले होते.

इसरू चटईच्या टोकाला बसला होता. तो धंद्याने मंडपवाला. कुरखेड्यापासून आरमोरीपर्यंत कोणाच्याही घरी कार्य असो, पाहुण्यांनी कुठे बसायचे हे तोच ठरवी आणि खुर्च्यांची रांग वाकडी दिसली तर भर पंगतीत ओरडे. आज त्याला स्वतःचे हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हते. मांडीवर ठेवले की ते चटईच्या काड्या उपसू लागत, आणि पाठीमागे नेले की आरोपी उभा असल्यासारखे वाटे. समोर पवनचे आईबाप, झाडू नैताम आणि बुधरी, अंग चोरून बसले होते. ते परगावचे, पण ज्याने मान खाली घातली होती तो या गावचा होता.

ज्या मुलाच्या घरी लग्नाचा खर्च पेलत नाही, तो ठरलेली वर्षे होणाऱ्या सासऱ्याच्या घरी राहतो, तिथले काम आपले मानून करतो, आणि मुदत भरली की त्याच घरच्या मुलीशी त्याचे लग्न होते. अशा मुलाला इकडचे गोंड लमझना म्हणतात. तो नोकर नव्हे, कारण त्याला मजुरी नसते. आणि मुलगाही नव्हे, कारण त्याचे देव वेगळे असतात. मडावी सात देवांचे, नैताम चार देवांचे. ज्यांच्या देवांची संख्या सारखी, ती घरे परस्परांची भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. ही गोष्ट जांभुळटोल्यात पोरेसोरेही जाणतात, आणि इसरू तर दोन वेळा देवकार्यात पुढे बसलेला माणूस होता. त्यामुळे न कळून चुकलो असे म्हणण्याची सोय त्याला राहिलेली नव्हती.

झाडूशी बोली झाली होती दोन वर्षांची. पवन आला तेव्हा वीस वर्षांचा होता; काटक, कमी बोलणारा, आणि उंचीची भीती कशाला म्हणतात हे ठाऊक नसलेला. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून तो मंडपाचा आडवा बांबू अशा सहजतेने बांधी की खाली उभा असलेला इसरूच शिडी दोन्ही हातांनी धरून राही. तो इसरूला मामा म्हणे आणि रीना समोर आली की नजर दुसरीकडे वळवी. रीना बारावी झालेली. ती धंद्याच्या तारखा वहीत लिहून ठेवी, आणि पवन कोणत्या गावाला किती दिवस जाणार हे त्या वहीतून तिला सर्वांच्या आधी कळे.

दुसरे वर्ष संपत आले, त्या दिवाळीत इसरूच्या मनात विम्याचे खूळ शिरले. खूळ म्हणणे खरे तर अन्याय होईल, कारण भीती साधार होती. आरमोरीचा अंकुश हा त्याच्याच बरोबरीचा मंडपवाला. ऐन हंगामात त्याच्या मूत्रपिंडाने दगा दिला. सरकारी योजनेचे कार्ड त्याच्या घरात होते, पण त्याला ज्या दवाखान्यात न्यावे लागले तिथे ते चालले नाही. तीन महिन्यांत अंकुशचे पाइप, पडदे आणि दोनशे खुर्च्या विकल्या गेल्या. त्यांतल्या ऐंशी खुर्च्या इसरूनेच घेतल्या. त्या टेम्पोत चढवताना अंकुश दारात उभा राहून म्हणाला होता, "घे बापा. उद्या तुहं असं झालं तं कोन घेईल तेवढं आताच पाहून ठेव."

हे बोलणे इसरूला लागले. ना पगार, ना साहेब, ना आजारपणाची रजा. आपण अंथरुणावर पडलो की धंदा आपल्याशेजारीच पडणार, हे त्याला त्या टेम्पोत बसल्या बसल्या उमगले.

त्याने विमा एजंट धनराजला बोलावले. धनराज आरमोरीचा; तो तीन कंपन्यांची पत्रके घेऊन आला आणि त्याला वाटले होते की चहा संपेपर्यंत काम होईल. इसरूने त्याला चार वेळा यायला लावले. पहिल्या विम्याचा हप्ता स्वस्त होता. पण खोलीच्या भाड्याला मर्यादा होती, आणि मर्यादेबाहेरची खोली घेतली तर बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कपात होणार होती. दुसऱ्याची रक्कम मोठी. पण जुन्या दुखण्याला तीन वर्षे थांबायचे होते, आणि बायकोला, नीलाबाईला, रक्तदाबाच्या गोळ्या आधीच सुरू होत्या. तिसरा विमा नवरा, बायको आणि दोन मुलांचा मिळून होता. त्याच्या यादीत ब्रह्मपुरीचा दवाखाना होता आणि अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण होते.

"हाच घ्या भाऊ," धनराज घाम पुसत म्हणाला. "तुमच्यायेवढे प्रश्न मले कलेक्टरनंबी इचारले नसते."

"कलेक्टरले पगार हाय. तो कायले इचारेल?"

इथपर्यंत सारे यथास्थित होते. मग धनराजने अर्ज पुढे ओढला आणि मुलांच्या दोन रकान्यांपैकी दुसऱ्यावर पेनाचे टोक आपटले. "एक जागा खाली जाऊन राह्यली भाऊ. हप्ता तोच. एक पोरगी लिवा का दोन लेकरं लिवा, कंपनीले काही फरक नाई."

टेम्पोत अर्धा हात जागा उरली तरी इसरू त्यात चार खुर्च्या कोंबी. रिकामी जागा आणि तीही फुकट, हे त्याला साहवणारे नव्हते. ओसरीच्या पायरीवर पवन दोर गुंडाळत बसला होता. इसरूने त्याच्याकडे पाहिले, आणि पुढचा विचार इतक्या लवकर आला की तो आधीपासूनच मनात दबा धरून बसला होता असे मानावे लागते. शिडीवर चढतो तो पवन. पडला तर पवन पडणार, आणि झाडूच्या पोराचा दवाखाना इसरूच्या गळ्यात येणार.

"लिव," तो म्हणाला. "पवन इसरू मडावी."

धनराजने भुवया उंचावल्या. मात्र त्याचे पेन थांबले नाही.

आत नीलाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. धनराज गेल्यावर ती बाहेर आली. "पवनले काय म्हनून लिवलं?"

"पोरगा."

"अन् रीनाले?"

"पोरगी. दुसरं काय लिवतेत?"

"म्हंजे भाऊ-बहीन झाले ते."

"कागदावर वो! आपल्या घरी जेवते, आपल्या घरी झोपते. पोरगा नाई तं काय शेजारी हाय?"

"येवढाच पोरगा वाटते तं न्या त्याले देवघरी अन् घ्या सात देवांत. मंग पाहू रीनाचं लगन कोनासंग लावता ते."

इसरू चिडला. कंपनीचे लोक मुंबईत बसतात, त्यांना चार देव आणि सात देव काय कळणार, असा युक्तिवाद त्याने अर्धा तास केला. नीलाबाई पुन्हा सूप घेऊन बसली. ज्या वादात समोरचा गप्प बसतो तो वाद जिंकल्याचे समाधान मिळत नाही, हे त्याला त्या संध्याकाळी फार जाणवले.

पण त्याची खरी लाज याच्या पुढची होती, आणि ती त्याने नीलाबाईलाही सांगितली नव्हती. जाता जाता धनराज म्हणाला होता, "एक ध्यानात ठेवा भाऊ. लगन झालं का पोराचं नाव कटते. बिनलग्नाचं लेकरूच चालते."

संक्रांतीनंतर झाडू आणि बुधरी तिथी ठरवायला आले. बुधरीने स्वतःच्या हाताने कुटलेले पोहे आणले होते. दोन वर्षे भरली होती, आणि ते याचना करायला नव्हे तर ठरलेले घ्यायला आले होते. तरी ती दोघे इतक्या नम्रतेने बसली की इसरूला नाही म्हणणे सोपे गेले.

"यंदा हंगाम लय हाय झाडूभाऊ. माह्याच पोरीच्या लगनाले मले सवड नाई. पुढच्या साली करू. धूमधडाक्यात करू."

झाडूने बायकोकडे पाहिले. "तुमी म्हनता तं बरोबरच असन भाऊ," तो म्हणाला. परतताना पवन त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला गेला. तो परत आला, शिडी उचलून टेम्पोवर बांधली आणि एक शब्द बोलला नाही. त्या शांततेचा अर्थ इसरूने 'त्याची काही हरकत नाही' असा लावला. तसा अर्थ लावणे त्याच्या सोयीचे होते. लग्न झाले असते तर विम्यातले नाव गेले असते. नाव गेले असते तर शिडीवर चढणाऱ्याची जबाबदारी पुन्हा त्याच्यावर आली असती. आणि लग्न झालेला जावई बिनमजुरीने मंडप बांधायला राहीलच, याचा भरवसा नव्हता. तिन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या.

एप्रिलच्या मध्याला, आरमोरीच्या एका लग्नघरी, सकाळी दहाच्या सुमारास, पवन पडला. आडवा बांबू जुना होता. पवनचा भार येताच तो मधोमध तडकला. इसरू धावत पोहोचला तेव्हा पोराचा उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळला होता. "मामा, बांबू बदलवा लागते," असे म्हणून त्याने डोळे मिटले.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया तातडीने करायचे ठरले. कंपनीच्या मंजुरीचे कागद पाहणारी मुलगी, दीपिका, विमापत्र आणि आधारकार्ड शेजारी ठेवून कपाळाला आठ्या घालून बसली. "काका, पॉलिसीत पवन इसरू मडावी आहे. आधारवर पवन झाडू नैताम. हा तुमचाच मुलगा ना?"

इसरूने फोन घेऊन बाहेर धाव घेतली. धनराज पलीकडून म्हणाला, "टेन्शन नका घेऊ भाऊ. अफिडेव्हिट करून टाका. लहानपणीच पोसाले घेतला, आधार जुन्या नावाचं राह्यलं. चालून जाते."

अर्ज लिहिणाऱ्याच्या टेबलावर वीस मिनिटांत मुद्रांकाचा कागद तयार झाला. 'सदर पवन हा वयाच्या सातव्या वर्षापासून माझ्याकडे माझा मुलगा म्हणून वाढला असून,' असे त्यात होते. पवन सात वर्षांचा असताना कसा दिसत होता हे इसरूला ठाऊक नव्हते. त्या वयात तो झाडूच्या गुरांमागे हिंडत असणार. इसरूने सही केली. सहीचे अक्षर त्याने नेहमीसारखेच वळणदार काढले, याची आठवण पुढे त्याला फार छळणार होती.

दीपिका कागद घेऊन थेट पवनच्या खाटेशी गेली. "पेशंटलाही विचारावं लागतं. पवन, हे कोण तुमचे?"

पायाला वजन लावलेले, ओठ सुकलेले, अशा त्या पोराने मान वळवून इसरूकडे पाहिले. इसरूने डोळ्यांनी खूण केली. ती खूण म्हणजे विनंती होती की आज्ञा, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते.

"बाबा," पवन म्हणाला.

"आणि आईचं नाव?"

"नीलाबाई."

दीपिकाने कागदावर बरोबरची खूण केली आणि ती वळली. दारात झाडू नैताम उभा होता. सकाळी निरोप मिळाल्यावर कुरखेड्याहून वडसा आणि वडशाहून ब्रह्मपुरी अशी बस बदलत तो आला होता. काखेत कापडात बांधलेला डबा, आणि मागे बुधरी. त्यांनी सगळे ऐकले होते. दीपिकाने विचारले, "तुम्ही कोण?"

झाडूने पोराकडे पाहिले, इसरूकडे पाहिले. "गावचे हाव," तो म्हणाला. "पाहाले आलो."

त्याने डबा खाटेखाली ठेवला आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. बुधरीने पवनच्या कपाळावर हात ठेवला, पण परक्या बाईने ठेवावा तसा, जरा थांबून, जरा विचारून. धरणी दुभंगावी आणि आपण तीत गडप व्हावे असे पुराणात वाचले की इसरूला हसू यायचे. त्या दिवशी त्याने दवाखान्याच्या फरशीकडे खरोखर आशेने पाहिले.

दुसऱ्या दिवशी कंपनीची मंजुरी आली. पाय जुळला, पण पवन अजून खाटेवरच होता. आणि झाडूने, दोन वर्षांत ज्याने कधी आवाज चढवला नव्हता त्याने, जांभुळटोल्याला येऊन वारलू पाटलांसमोर मागणी मांडली: माझा पोरगा कोणाचा, ते मला सांगा.

"तं इसरू," वारलू पाटील म्हणाले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस ऐकताना डोळे मिटून घेई. "पवन तुहा कोन?"

"लमझना, पाटील. सगळ्या गावाले ठाऊक हाय."

"अन् कागदावर?"

"कागद कंपनीचा. आपल्या रिवाजासंग त्याचं काय?"

"दवाखान्यात पवननं तुले बाबा म्हनलं का नाई म्हनलं?"

इसरूने चटईची कड नीट केली. बायकांच्या बाजूने गिरजाबाईचा आवाज आला, "रीना वो, राखी घेऊन ठेव यंदा! भाऊ भेटला तुले आयता." हशा पिकला. नीलाबाईने पदर तोंडावर ओढला. इसरूच्या कानशिलांना आग लागली, तरी त्याने नेट धरला.

"हसा. पन एक सांगा, पोराचा पाय वाचला का नाई? हा कागद नसता तं पैसे कोन भरले असते? झाडूभाऊ? मी त्याच्या भल्यासाठीच केलं. खोटं लिवलं म्हना, पन मायेनं लिवलं. दोन वर्षं पोटच्या पोरासारखा…"

"बाबा."

रीना उठून उभी राहिली होती. बैठकीत मुली बोलत नाहीत असा काही नियम नव्हता. पण ती बोलेल असे कोणालाही वाटले नव्हते. तिच्या हातात विम्याची टपालाने आलेली जाडजूड पुस्तिका होती.

"मी हे दिवाळीतच वाचलं," ती म्हणाली. "इंग्रजीत हाय, पन कळते. पान अकरावर लिवलं हाय का पोरगा बिनलग्नाचा पाह्यजे. लगन झालं तं नाव कटते." ती झाडूकडे वळली. "मामा, संक्रांतीले तुमी आले होते. बाबांनं हंगामाचं सांगतलं. हंगाम नव्हता. हे होतं."

कोणी हसले नाही.

"तुले ठाऊक होतं?" इसरूच्या तोंडून एवढेच निघाले.

"हो."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी सोता सांगान असं वाटलं. मी पवनलेबी सांगतलं. तो म्हने, मामाची इज्जत जाईल, राहू दे. एका सालानं काय होते."

इसरूला आठवली ती टेम्पोवर शिडी बांधणारी पाठ. पवनला सगळे ठाऊक होते. ठाऊक असून तो त्या संक्रांतीपासून रोज शिडीवर चढला होता. आणि खाटेवर पडल्या पडल्या 'बाबा' म्हणाला तोही ठाऊक असूनच. आपल्याला जे गुपित वाटत होते, त्यावर त्या दोघांनी चार महिने पांघरूण घातले होते. युक्तिवाद त्याच्याजवळ अजून दोनतीन शिल्लक होते. त्यांतला एक तर बराच बळकट होता. तो त्याच्या जिभेपर्यंत आला आणि तिथेच विरला.

"झाडूभाऊ," तो म्हणाला, आणि पुढे काय म्हणायचे ते त्याला सुचेना. मग तो जागेवरून उठला, चटई ओलांडून गेला आणि झाडूसमोर खाली मातीत बसला. "पोरगा तुमचा हाय. मी कंपनीले तसं लिवून देतो. पैसे परत मागतीन तं भरीन. खटला केला तं भोगीन. पोरीले मात्र तुमी नाई म्हनू नका."

झाडूने बुधरीकडे पाहिले. बुधरी बोलली, आणि तिचा आवाज बारीक असला तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "पोरगी आमाले पह्यल्यापासून पसंत हाय भाऊ. तिच्यासाठी आमी आलो नाई. माह्या पोरानं माह्यासमोर दुसरीले माय म्हनलं. ते तुमी कसं परत देता?"

 इसरूने मातीत बोटाने एक रेघ ओढली, पुसली, आणि पुन्हा ओढली नाही. वारलू पाटलांनी शेजारच्या दोघा म्हाताऱ्यांकडे पाहिले. ते कुजबुजले, एकाने मान हलवली, दुसऱ्याने बोटांवर महिने मोजले. मग पाटील डोळे उघडून सरळ बसले.

"ऐका सगळे. पवन नैताम हाय, चार देवांचा, झाडू-बुधरीचा पोरगा. रीनासंग त्याचं लगन तो पायावर उभा राह्यल्यावर लागन, अन् बोलनं झाडूच्या घरी होईल, इसरूच्या नाई. पवन आजपासून लमझना नाई. दोन सालाच्या वर जेवढं काम घेतलं, त्याची मजुरी इसरूनं द्यावी. कंपनीले उद्याच लिवावं, रीनानं वाचून पाहावं. अन् बुधरीबाई, तुह्या गोष्टीचं उत्तर या बैठकीजवळ नाई." ते थांबले, इसरूकडे पाहिले, आणि चिठ्ठी वाचावी तशा सपाट आवाजात म्हणाले, "इसरू चुकला."